‘कायमस्वरूपी बदल’ : पण मोजला कधी?

पेट झाली, आता विषय ठरवायचाय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, कुठल्याही विभागात जा, एक विषय फिरून फिरून समोर येतो. ‘समग्र लाइफ कोचिंगचा अमुक घटकावर होणारा परिणाम : परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’. कोणी त्यात तरुण शेतकरी घालतं, कोणी अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणारी मुलं, कोणी बचत गटातल्या महिला. सॅम्पल १००, प्री-टेस्ट, दहा सत्रं, पोस्ट-टेस्ट, टी-टेस्ट, फरक लक्षणीय. गाईडही खूश.

विषय वाईट नाही. उलट माणूस बदलू शकतो का, आणि बदलला तर तसाच राहतो का, याच्याइतका चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या विषयातला सगळ्यात वजनदार शब्द ‘कायमस्वरूपी’, आणि मोजमाप नेमकं त्याचंच होत नाही.

सिनॉप्सिसमध्ये बहुतेक जण ज्या पेपरपासून सुरुवात करतात तो आधी नीट वाचू. ग्रीन, ओड्स आणि ग्रँट, २००६, ‘जर्नल ऑफ पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’. ऑस्ट्रेलियातला अभ्यास. ५६ प्रौढ माणसं, चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटलेली : २८ जणांना दहा आठवडे गटाने लाइफ कोचिंग, २८ जण वेटलिस्टवर. ध्येयाकडे वाटचाल, स्वास्थ्य, आशा, हे सगळं प्रश्नावलीने मोजलं. कोचिंग घेतलेल्यांचे गुण वाढले आणि त्यातले काही फायदे ३० आठवड्यांपर्यंत टिकले असा निष्कर्ष आहे.

या क्षेत्रात इतकी शिस्तही थोड्यांनीच पाळलीय, हे आधी मान्य करू. आता पेन्सिल घ्या. वेटलिस्ट म्हणजे काय? ज्यांना थांबवून ठेवलंय त्यांनाही पुढे कोचिंग द्यायचंय. म्हणजे दहाव्या आठवड्यानंतर ‘कोचिंग न मिळालेला’ गटच उरत नाही. तिसाव्या आठवड्याला गुण टिकलेले दिसतात, पण कोणाच्या तुलनेत? फक्त स्वतःच्याच जुन्या गुणांच्या. म्हणजे ‘टिकणारा बदल’ या दाव्याचा जो भाग आपल्याला हवाय, तिथेच तुलना संपलेली आहे. दुसरं, एका गटात २८ जण असतील तर परिणाम चांगला मोठा असेल तरच तो खात्रीने पकडता येतो. मध्यम आकाराचा परिणाम (कोहेनच्या मापात ०.५) पकडायला नेहमीच्या गणिताने प्रत्येक गटात ६४ जण लागतात. व्हायवाला हे विचारलं जातंच, आत्ताच करून ठेवा. आणि ३० आठवडे म्हणजे सात महिने. सात महिन्यांना कायमस्वरूपी म्हणायचं असेल तर आपल्याकडे भाड्याच्या खोलीचा करारही कायमस्वरूपी म्हणावा लागेल.

आता हाच आराखडा उचलून परभणीत आणू. मृगात पेरणी झाली त्या आठवड्यात प्री-टेस्ट घेतली असं समजा. तिथून ३० आठवडे मोजा. संक्रांत येते. या सात महिन्यांत माणसाच्या आयुष्यात काय काय होऊन जातं? जूनमध्ये बी-बियाण्याला पैसे हवेत, पीककर्ज मंजूर झालंय की नाही याचा पत्ता नाही, पाऊस येतो की दडी मारतो याची धास्ती. ऑगस्टात खंड पडला तर जीव टांगणीला. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं, मग कापूस वेचणी, मानवतच्या बाजारात गाड्या लागतात, हातात चार पैसे येतात, उधारी फिटते. संक्रांतीला त्याच माणसाला ‘भविष्याबद्दल तुम्हाला काय वाटतं’ विचारलं तर उत्तर जूनपेक्षा बरंच येणार. मधे कोचिंग झालं असो नसो.

हा नुसता माझा अंदाज नाही. मणी, मुल्लईनाथन, शफीर आणि झाओ यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. तेच शेतकरी, ऊस निघण्याआधी आणि निघाल्यानंतर. तर्क आणि लक्ष यांच्या साध्या चाचण्यांत तोच माणूस सुगीनंतर जास्त चांगला ठरला. कोणी त्याला प्रेरणा दिली नव्हती, श्वास मोजायला शिकवलं नव्हतं. उसाचे पैसे आले होते. (या पेपरवर ‘सायन्स’मध्येच टीकाही छापून आलीय, ती सोबत वाचा. एकच बाजू वाचून सिनॉप्सिस लिहू नका.) अशा चाचणीत जर हंगाम एवढा फरक पाडत असेल, तर आशा आणि समाधानाच्या प्रश्नावलीत किती पाडेल? एमपीएससीवाल्या मुलांना शेत नसेल, पण हंगाम त्यांनाही आहे : जाहिरात, पूर्व, मुख्य, निकाल. जाहिरात निघाली त्या आठवड्यात अभ्यासिकेत शिरून बघा, कोचशिवाय सगळे प्रेरित असतात.

यावर उपाय एकच, त्याच गावातला, त्याच महिन्यात मोजलेला, कोचिंग न मिळालेला गट. आणि तो शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. ‘त्यांना वंचित कसं ठेवणार’ हा प्रश्न येईल. तो बरोबर आहे, पण त्याचं उत्तर आधी कोचिंगचा उपयोग होतो हे माहीत असेल तरच ‘वंचित’ असं येतं.

दुसरी अडचण माणसं गळण्याची. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. तुमची पोस्ट-टेस्ट नोव्हेंबरात असेल तर कोण सापडेल? ज्यांची शेती बरी, जे गावातच थांबू शकले ते. जे गेले ते सगळ्यात अडचणीतले. टेबलात मात्र ‘१२ प्रतिसादक अनुपलब्ध’ एवढी एक ओळ येते, सरासरी आपोआप वर चढते, आणि श्रेय कोचिंगच्या खात्यात जमा होतं. जे गेले त्यांनाही हिशेबात धरून विश्लेषण करायचं असतं, निदान त्यांचे प्री-टेस्टचे गुण राहिलेल्यांपेक्षा वेगळे होते का हे दाखवायचं असतं. हे एक टेबल ज्या प्रबंधात असतं तो प्रबंध मी पुढे वाचते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वभावाची. सत्रं घेणारे तुम्ही, प्रश्नावली भरून घेणारेही तुम्ही. दहा वेळा घरी आलेल्या, चहा पिऊन गेलेल्या पोरीला ‘ताई, काही फरक पडला नाही’ असं तोंडावर कोण म्हणेल? ‘खूप बरं वाटतंय’ हा इथे शिष्टाचार आहे. मोजणारा माणूस वेगळा हवा, आणि कोण कुठल्या गटात होतं हे त्याला माहीत नको.

आता ‘समग्र’ या शब्दाकडे. कोचिंगच्या जाहिरातीत तो शरीर, मन, नाती, करिअर, पैसा, अध्यात्म असा सगळा पसारा कवेत घेतो. चकलीसारखं एक वर्तुळ काढतात, त्याचे आठ तुकडे, प्रत्येकाला स्वतः गुण द्यायचे. पण बारकाईने बघा, या आठही तुकड्यांत बदलायचं कोणी? प्रत्येक वेळी त्याच माणसाने. पैशाच्या तुकड्यात ‘पैशाबद्दलचा दृष्टिकोन’ असतो, सावकार नसतो. करिअरच्या तुकड्यात आत्मविश्वास असतो, किती जागांची भरती निघाली हे नसतं. आशेची जी प्रसिद्ध मापनश्रेणी आहे, स्नायडरची, तिच्यातला एक भाग अडचणीतून निघायचे मार्ग सुचतात का याचा आहे. कोरडवाहू तीन एकरवाल्याला कमी मार्ग सुचत असतील तर तो त्याच्या मनाचा दोष की त्याच्यापुढे मार्गच कमी आहेत याचं अचूक निरीक्षण? श्रेणी हे सांगत नाही. तिच्यापुढे दोन्ही सारखंच, गुण कमी.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा दोष पुढे आहे. बदल झाला तर कोचिंगमुळे, नाही झाला तर ‘तुमची तयारी नव्हती’. ज्या दाव्यात अपयश नोंदवायला जागाच नाही तो तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्यावर पीएच.डी. होत नाही. पदवी मिळते, ते वेगळं. शिवाय हा दोष फक्त कागदावर राहत नाही. आत्महत्यांचं सावट असलेल्या जिल्ह्यात, आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या माणसाला ‘बदल तुझ्याच हातात होता’ असं शिकवून तुम्ही निघून आलात तर मागे काय ठेवून आलात? लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्या देशात कुठला परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. एथिक्स कमिटीपुढे जाताना हा फरक लक्षात ठेवा, आणि नैराश्याची लक्षणं दिसलेल्या माणसाला कुठे पाठवणार हे आधी लिहून ठेवा. आपल्याकडे त्यासाठी व्यवस्था आहे : राज्याच्या आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी आखला गेला, त्यात परभणी आहे, आणि गावागावात विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आहे.

मग टिकणारा बदल कोणी कधी दाखवलाच नाही का? दाखवलाय, आणि लांब नाही, गोव्यात. तिथे दोन चाचण्या झाल्या. एकीत प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले नैराश्याचे ४९५ रुग्ण, दुसरीत नैराश्य असलेल्या २८० गर्भवती. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. एकूण ७७५ जण. भट, हाउसहोफर, पटेल आदींनी चार-पाच वर्षांनी या माणसांना पुन्हा शोधून काढलं आणि २०२२ मध्ये निकाल मांडला : उपचार मिळालेल्या गटात नैराश्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ११ टक्के-बिंदूंनी कमी. जास्त परिणामकारक ठरलेल्या उपचाराचा खर्च माणशी ६६ डॉलर.

एवढं वाचून ‘बघा, सिद्ध झालं’ म्हणत हा पेपर तुमच्या प्रकरण दोनमध्ये टाकू नका. तो आजारी माणसांच्या उपचारांबद्दल आहे. कोचिंगचं साहित्य तर स्वतःच सांगतं की ते आजारी नसलेल्यांसाठी आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी कोचिंगवाल्यांनी वाचायलाच हव्यात. लोक स्वतःला अपयशी समजायचे कमी झाले, आणि त्याच वेळी त्यांचा फाजील आत्मविश्वासही कमी झाला. म्हणजे बरं होणं म्हणजे स्वतःबद्दल मोठं वाटणं नव्हे, नेमकं वाटणं. आणि दुसरं, त्यांचा रोजगार किंवा घरखर्च वाढला नाही. मन सावरलं, घरची परिस्थिती होती तिथेच राहिली. संशोधकांनी हे लपवलं नाही, गोषवाऱ्यातच लिहिलंय.

केनियाच्या ग्रामीण भागातला ५,७५६ जणांचा एक अभ्यास याच्या शेजारी ठेवून वाचा (हाउसहोफर, मुदिदा, शपिरो, २०२०). काहींना रोख रक्कम, काहींना पाच आठवड्यांचा मानसोपचार कार्यक्रम, काहींना दोन्ही. वर्षभरानंतर पैसे मिळालेल्यांचं राहणीमान आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारलेलं, नुसत्या मानसोपचार कार्यक्रमाचा परिणाम मोजण्याइतका उरला नव्हता. गोव्यात टिकलं, केनियात टिकलं नाही. का? कार्यक्रम ज्यांना दिला ती माणसं वेगळी होती म्हणून, की बाकी काही? इथे खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो ‘लाइफ कोचिंगचा परिणाम’ या शीर्षकात मावत नाही.

तरी हाच विषय घ्यायचा असेल तर निदान एवढं करा. शीर्षकातून ‘समग्र’ आणि ‘कायमस्वरूपी’ काढा, त्या जागी मोजणीचे महिने लिहा. प्री-टेस्ट एका जूनमध्ये आणि शेवटची टेस्ट पुढच्या जूनमध्ये ठेवा, म्हणजे हंगाम हंगामाशी भिडेल. पेरणीच्या तोंडावर, हात रिकामा असताना, तो माणूस मागच्या वर्षीपेक्षा आणि शेजारच्या गावातल्या तशाच माणसापेक्षा बरा आहे का, हे बघा. प्रश्नावलीसोबत एखादी अशी गोष्ट मोजा जी सौजन्याने बदलत नाही : दारू किती दिवस बंद होती, दवाखान्यात कितीदा गेला, मुलगी शाळेत आहे का. गाईड म्हणतील, एवढा वेळ कुठंय. प्रवेशापासून किमान तीन वर्षं आपल्याकडे असतातच. त्यात दोन जून सहज बसतात.