चरित्रात न सापडलेले बेट

गेल्या जानेवारीत संत जोसेफ वाझ यांच्या स्मृतिदिनी इंदापूर तालुक्याच्या जिरायत भागातील एका लहानशा प्रार्थनागृहात त्यांच्या चरित्रातील पावसाची कथा वाचून दाखवण्यात आली. कँडीच्या राज्यात अवर्षण पडले होते. वाझ यांनी उघड्यावर वेदी उभारून प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस कोसळला. वेदी आणि तिच्यापाशी गुडघे टेकलेला धर्मगुरू मात्र कोरडे राहिले. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतील एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "फादर, मग त्या साली पीक हाती लागलं का?" फादरांना उत्तर देता आले नाही; मलाही आले नसते. घरी येऊन संग्रहातील वाझ यांची लहानमोठी चरित्रे पुन्हा चाळली, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न त्यांतील एकाही लेखकाला पडलेला नाही.

वाझ यांचा जन्म 1651 साली गोव्यात बाणावली येथे झाला. ओरेटोरियन संघाचे हे धर्मगुरू 1687 मध्ये मजुराच्या वेषात सिलोनला पोहोचले आणि 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत निवर्तले. 1995 मध्ये त्यांना धन्यवादित आणि 2015 मध्ये संत घोषित करण्यात आले. दोन्ही समारंभ कोलंबोतच झाले. सेबास्तियांव दो रेगो या गोमंतकीय ओरेटोरियन धर्मगुरूंनी लिहिलेले त्यांचे पोर्तुगीज चरित्र 1745 साली लिस्बनला छापले गेले. पुढील चरित्रपरंपरेचा तो मूळ झरा आहे. भक्तिभाव, कष्ट, कारावास, देवीच्या साथीतील रुग्णसेवा हे सारे या परंपरेने जिवापाड जपले. जपले नाही ते बेट. माझ्या वाचनातील पुस्तिकांत सिलोन म्हणजे एकच एक हिरवेगार रान. नायक त्यात कोठूनही शिरतो आणि कोठेही निघतो.

वस्तुतः ते 65,610 चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या चौपटीहून थोडे अधिक क्षेत्राचे बेट आहे आणि त्याचे स्वभाव अनेक आहेत. नैर्ऋत्येकडील किनारा व डोंगरउतार चिंब भिजतात. उरलेला जवळजवळ दोन-तृतीयांश प्रदेश शुष्क म्हणून ओळखला जातो. तेथला मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा, ईशान्येकडून येणारा. (त्यांच्या 'शुष्क' प्रदेशातही पुष्कळ ठिकाणी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. इंदापूरकर पाचशेच्या आसपास दिवस काढतो, त्याला या शब्दाचे हसू येईल. परंतु परतीच्या पावसाकडे डोळे लावून ज्वारी पेरणाऱ्याला हेही ठाऊक असते की, पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा पडला याला महत्त्व आहे.) उत्तरेस जाफना: चुनखडीची सपाट भूमी, नदी नाही, विहिरी आणि ताडाची झाडे. पश्चिमेस उथळ खाऱ्या पाण्याकाठचे पुत्तलम. मध्यभागी डोंगरांच्या कुशीत, सुमारे पाचशे मीटर उंचीवर कँडी.

हे भूगोलाचे ज्ञान चरित्रात कशाला हवे, असे कोणी म्हणेल. त्याशिवाय वाझ यांची एकही हालचाल उलगडत नाही, हे त्याचे उत्तर. किनारपट्टी डचांच्या ताब्यात होती आणि तेथे कॅथलिक धर्मगुरूला बंदी होती. अंतर्भागात बौद्ध राजाची सत्ता होती. जाफन्याची भूमी सपाट आणि उघडी. लपायचे तर माणसांतच लपावे लागे. म्हणून तेथे वेषांतर आणि रात्रीची मिस्सा. 1690 मध्ये ते पुत्तलमला गेले, कारण ते किनाऱ्यावर असूनही कँडीच्या राजाच्या अमलाखाली होते. 1692 मध्ये ते डोंगर चढून कँडीला पोहोचले आणि पोर्तुगीजांचे हेर म्हणून बंदिवान झाले. ज्या डोंगरांनी कँडीचे राज्य परकीयांपासून राखले, त्यांनीच परक्या माणसाविषयीचा संशयही राखला होता. चरित्रकार या संशयाला एखाद्या व्यक्तीचा दुष्टावा मानून पुढे जातात, हे मला उथळपणाचे वाटते.

बारामतीकरांना लंका तशी परकी नाही. येथेच राहून मोरोपंतांनी (1729–1794) एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा सांगते; म्हणजे तितक्या वेळा मराठी कविता समुद्र ओलांडून लंकेत उतरली. 'निरोष्ठ रामायणा'त तर ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणजे खुद्द 'राम' हा शब्दही नाही. आजचे श्रीलंका तेच रामायणातील लंका की काय, याविषयी विद्वानांत वाद आहे; पण पंतांना त्याची गरज नव्हती. त्यांचे लक्ष भाषेच्या करामतीवर आणि कथेच्या पावित्र्यावर होते, बेटाच्या मातीवर नव्हे. आपल्या संतचरित्रांनी नकळत हीच रीत उचलली. काव्याला ती शोभते. चरित्राला ती शोभतेच असे नाही.

या उणिवेवर एक उतारा आहे आणि तो आपल्या गोटाबाहेरचा आहे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी 1660 ते 1679 पर्यंत कँडीच्या राज्यात अडकून पडला होता. सुटका झाल्यावर 1681 मध्ये त्याचे सिलोनवरील पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. तो निसटला आणि आठ वर्षांनी वाझ आले. म्हणजे प्रदेश तोच, पिढीही बहुतेक तीच. नॉक्सला कँडीविषयी प्रेम नाही, बंदिवानाची कडवट नजर आहे. पण फेरीवाल्याचा माल पाठीवर घेऊन तो हिंडला असल्यामुळे वाटा त्याच्या पायांना ठाऊक आहेत. घाटवाटांवरील काट्यांची फाटके, तेथील पहारेकरी, पावसाळ्यातील जळवा, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली भातखाचरे, उत्तरेकडे झऱ्यांअभावी बांध घालून साठवलेले तळ्यांचे पाणी, सारे तो नोंदवतो. भाताच्या पाच जाती तो सांगतो: सात महिन्यांत पिकणारी, सहा, पाच, चार आणि तीन. जवळचे पाणी किती दिवस पुरेल हे पाहून शेतकरी जात निवडतो. अनुराधपूरच्या रानातून नदीच्या कडेकडेने तो अरिप्पूच्या डच किल्ल्यापर्यंत निसटला, ते प्रकरण वाचताना बेटाचा बदलता पोत डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्याला त्या भूमीतून पळायचे होते त्याने ती पाहिली, आणि जो तेथे मरायलाच गेला त्याच्या चरित्रकारांनी ती पाहिली नाही, हा विचित्र योग आहे.

खुद्द मिशनऱ्यांना ती दिसली नव्हती असे मात्र नाही. 1705 मध्ये आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस (1676–1742) यांनी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत विपुल लेखन केले. प्रदेश बदलला की भाषा बदलते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव 'देव वेद पुराणय' आहे. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण आपल्या वाचकांना येथे होईलच. एक इंग्रज मराठीत पुराण लिहितो, शतकभराने एक गोमंतकीय सिंहलीत. या दुव्याचा अभ्यास मराठीत अद्याप व्हावा तसा झालेला नाही.

आता पावसाची कथा. ती चमत्कार म्हणून सांगू नये, असे माझे म्हणणे नाही. पण सांगताना भर कशावर द्यायचा? आपली चरित्रे कोरड्या राहिलेल्या वेदीपाशी थांबतात. ज्या खाचरांत पाणी उतरले त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. अवर्षण म्हणजे तळ्याचा तळ उघडा पडणे, बियाणे खाऊन टाकण्याची पाळी येणे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, ते पाहायला बाहेरून माणसे लोटतात. काठावरच्या माणसाला ते देऊळ वर आलेले पाहून धडकी भरते. ही धडकी कथेत असेल तरच त्या पावसाला वजन येते, आणि राजाने वाझ यांना मोकळीक का दिली तेही समजते. ती नसेल तर उरतो तो केवळ न भिजण्याचा चमत्कार, आणि तो त्या परोपकारी धर्मगुरूच्या स्वभावाशी फारसा जुळत नाही.

पुढच्या रविवारी त्या वृद्ध गृहस्थांची गाठ पडली, तेव्हा नॉक्सच्या पाच जाती मी त्यांना सांगितल्या. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "तीन महिन्यांचं बी राखलं असेल, तर साधलं असेल त्यांना."