उत्खनन आणि ग्रंथप्रामाण्य

धर्मग्रंथाची सत्यता शास्त्राने ठरते काय, हा प्रश्न केवळ बायबलपुरता नाही. रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर येथे मोरेश्वर दीक्षित यांनी १९६२–६४ मध्ये उत्खनन केले. प्राचीन वसाहत सिद्ध झाली; रुक्मिणीहरण मात्र त्याने सिद्धही होत नाही, खोटेही ठरत नाही. उलट, बायबलातील यरीहोचा तट ज्या काळी कोसळला असे मानतात, त्या काळी तेथे तटबंद नगरच नव्हते, असा निष्कर्ष कॅथलीन केन्यन यांनी १९५२–५८ मधील उत्खननावरून काढला. तात्पर्य, शास्त्र परीक्षा करते ती विधानाची, ग्रंथाची नव्हे. अमुक वाक्य वृत्तान्त सांगते की भक्ती व्यक्त करते, याचा निर्णय प्रथम भाषाभ्यासकाने द्यावयाचा असतो. तो टाळणारे मंडक व खंडक दोघेही सारखेच चुकतात.