बहुमिती सरणी आणि वस्तुविचार : वलवण येथील जलाशयांच्या नोंदींच्या आधारे एक परीक्षण

संगणकाच्या आज्ञावलीत एकाच जातीचे पुष्कळ आकडे ठेवावयाची सर्वांत जुनी व अद्यापि सर्वांत रूढ रीत म्हणजे ॲरे, अर्थात सरणी, ही होय. एका ओळीतील आकडे एकमिती सरणीत बसतात, तक्त्यातील आकडे द्विमिती सरणीत, आणि अशा अनेक तक्त्यांची चळत त्रिमिती सरणीत. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या फोर्ट्रान भाषेत सरणीला तीन मितींपर्यंत मुभा होती. पुढे दहा वर्षांनी नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टन न्युगोर्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा रचली आणि तीतून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री, आज्ञावली-लेखनाचा पाया घातला गेला. या दुसऱ्या विचारात आकडा एकटा राहत नाही. तो ज्या वस्तूचा असतो त्या वस्तूशी, आणि त्यावर करता येण्याजोग्या क्रियांशी, तो बांधलेला असतो. आज प्रचारात असलेल्या अनेक भाषांत या दोन्ही कल्पना शेजारी शेजारी नांदतात. परंतु कोणती गोष्ट सरणीची मिती व्हावी आणि कोणती वस्तूचा घटक व्हावी, हा प्रश्न बहुधा आज्ञावलीकाराच्या सवयीवर सोडून दिला जातो. तो सवयीचा नसून अर्थाचा प्रश्न आहे, हे प्रस्तुत परीक्षणाचे प्रतिपाद्य होय.

प्रश्नाची चर्चा केवळ तात्त्विक पातळीवर केल्यास ती निष्फळ ठरण्याचा संभव असतो. म्हणून एक प्रत्यक्ष क्षेत्र समोर ठेवणे इष्ट. मावळातील वलवण, लोणावळा व शिरवटा हे तीन जलाशय त्या दृष्टीने सोयीचे आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीच्या योजनेत यांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहाकडे वळविण्यात आले व १९१५ पासून तेथील वीज मुंबईस मिळू लागली. इंद्रायणीच्या खोऱ्यातील पाणी अशा रीतीने पाताळगंगेत उतरते. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी पाऊस, पाण्याची पातळी, साठा व विसर्ग या चार राशींची दैनिक नोंद किती महत्त्वाची असते हे सांगावयास नको. येथे कोणत्याही संस्थेच्या प्रत्यक्ष नोंदवहीचे अथवा आज्ञावलीचे परीक्षण अभिप्रेत नाही. अशा नोंदींचे स्वरूप तेवढे विचारासाठी घेतले आहे.

नवशिका आज्ञावलीकार या नोंदींसाठी त्रिमिती सरणी योजील. पहिली मिती जलाशयाची, दुसरी दिवसाची, तिसरी राशीची. तीन जलाशय, लीप वर्षाचे ३६६ दिवस व चार राशी मिळून ४,३९२ घरे होतात. रचना दिसावयास नीटस आहे. परंतु तिच्यात काय काय गृहीत धरले गेले आहे ते एकेक करून पाहिले पाहिजे.

प्रथम स्थानक्रमांकाचा विचार करू जाता असे दिसते की, संगणकाची स्मृती ही मुळात एकमितीच असते. तीन क्रमांकांवरून एक जागा काढावी लागते. क्रमांक शून्यापासून मोजून दुसरा जलाशय (१), दिवस १८१ व तिसरी राशी (२) हवी असल्यास, सी भाषेच्या प्रघाताप्रमाणे ते घर (१ × ३६६ + १८१) × ४ + २, म्हणजे २,१९० या जागी सापडते. फोर्ट्रानच्या उलट क्रमाने तेच घर १ + ३ × (१८१ + ३६६ × २), म्हणजे २,७४० या जागी जाते. एका भाषेतून दुसरीत आकडे नेताना हा फरक विसरला गेला तर संगणक तक्रार करीत नाही. तो कोणता तरी आकडा निमूटपणे देतो.

याहून सूक्ष्म अडचण दिवसाच्या क्रमांकात आहे. २०२४ हे लीप वर्ष होते. त्यात क्रमांक १८१ म्हणजे ३० जून. २०२३ मध्ये तोच क्रमांक १ जुलैचा होता. दोन वर्षांच्या जुलैची तुलना क्रमांकांवरून करणाऱ्यास एका दिवसाची चूक पदरात घ्यावी लागेल, आणि घाटमाथ्यावर जुलैतील एक दिवस म्हणजे कधी कधी पुण्याच्या साऱ्या महिन्याएवढा पाऊस. दिवसाला तारीख असते, क्रमांक नसतो. क्रमांक ही सरणीची गरज आहे, नोंदीची नव्हे.

वस्तुकेंद्री भाषांनी ही अडचण दूर केली काय? जावा ही १९९५ साली प्रसिद्ध झालेली भाषा या बाबतीत उद्बोधक आहे. तीत खरी बहुमिती सरणी नाहीच. सरणींची सरणी आहे. वरील त्रिमिती रचना जावामध्ये केली असता बाहेरची एक, जलाशयांच्या तीन व दिवसांच्या १,०९८ अशा एकूण १,१०२ स्वतंत्र सरणी निर्माण होतात. मितींचा क्रम उलटून राशी, जलाशय, दिवस असा केला तर त्याच ४,३९२ आकड्यांसाठी केवळ १७ सरणी पुरतात. म्हणजे ज्या मिती कागदावर समान दर्जाच्या वाटतात त्यांच्यात भाषेने श्रेणी लावलेली असते. शिवाय अशा सरणीची प्रत काढली असता केवळ बाहेरचे कवच नवे होते. आतील ओळी मूळ व प्रत यांत सामाईकच राहतात, आणि प्रतीत केलेली दुरुस्ती मूळ नोंदीत उमटते. सी-शार्प भाषेने आयताकृती सरणी व सरणींची सरणी असे दोन निराळे प्रकार ठेवले, हे त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

यापेक्षा गंभीर दोष रिकाम्या घरांचा आहे. जावा व सी-शार्प या दोन्ही भाषांत संख्यांची नवी सरणी शून्यांनी भरलेली मिळते. आज्ञावलीकाराला हे सोयीचे वाटते. पण पर्जन्यनोंदीत शून्याला अर्थ आहे. पाऊस पडला नाही ही एक नोंद आहे, आणि पाऊस मोजला गेला नाही ही नोंदीची उणीव आहे. समजा, जुलैच्या २९ दिवसांत मिळून १,४५० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि दोन दिवस नोंद झालीच नाही. नोंदलेल्या दिवसांची सरासरी ५० येते. शून्य धरून ३१ दिवसांची काढली तर ४६.८. दुसरा आकडा खोटा आहे, पण विश्वसनीय दिसतो. उलट, पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजीत असल्यास लोणावळ्याच्या परिसरात ती सहाशेच्या घरात असावयाची. तेथे शून्य आले तर वलवणचे पाणी एका रात्रीत समुद्रास मिळाले असा अर्थ होईल, आणि चूक कोणाच्याही ध्यानात येईल. एकच दोष जेथे हास्यास्पद ठरतो तेथे निरुपद्रवी असतो, आणि जेथे संभाव्य दिसतो तेथे घातक.

यावर उणीव दाखविण्यासाठी अशक्य आकडा लिहावयाची जुनी युक्ती आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या जालरूप दैनिक पर्जन्यसंचात १३५ × १२९ बिंदू आहेत, आणि जेथे आकडा नाही तेथे उणे ९९९ लिहिलेले असते. एवढ्या मोठ्या संचात ती खूण अपरिहार्य आहे व जाणकारास ती ठाऊक असते. पण सरणीला ती ठाऊक नसते. चार हजार मिलिमीटरच्या वर्षात अशा दोन खुणा बेरजेत शिरल्या तर उत्तर २,००२ येते. ते एखाद्या अवर्षणाच्या वर्षाचे वाटून स्वीकारलेही जाईल. अपूर्णांकी संख्यांच्या १९८५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ‘संख्या नव्हे’ अशी जी निराळी खूण दिली, ती यापेक्षा सुरक्षित. कारण ती बेरजेत शिरली की सारी बेरीजच ‘संख्या नव्हे’ अशी होते व उणीव झाकली जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जलाशय, दिवस व राशी या तीन मिती खरोखर एकाच जातीच्या आहेत काय? वलवण, लोणावळा व शिरवटा यांचा एका दिवसाचा साठा मिळविला तर खोपोलीस उपलब्ध होणाऱ्या पाण्याचा अंदाज मिळतो. एका ठिकाणच्या तीस दिवसांचा पाऊस मिळविला तर महिन्याचा पाऊस मिळतो. म्हणजे या दोन मितींवरून चालत जाण्याला अर्थ आहे. परंतु राशीच्या मितीवरून चालत जाऊन पावसाचे मिलिमीटर, पातळीचे मीटर व साठ्याचे घनमीटर यांची बेरीज केली तर निघणाऱ्या आकड्याला कोणताही अर्थ नाही. सरणी ही बेरीज विनातक्रार करून देते. यावरून एक कसोटी हाती येते : ज्या दिशेने आकड्यांची बेरीज, सरासरी वा तुलना सार्थ असते ती खरी मिती, जेथे ती निरर्थक होते तेथे मिती नसून वस्तूचे निरनिराळे घटक आहेत.

ही कसोटी आणखी पुढे नेता येते. साठ्याची जलाशयांवरून बेरीज होते, दिवसांवरून होत नाही. सोमवारचा साठा व मंगळवारचा साठा मिळवून काहीच निष्पन्न होत नाही. पावसाची दिवसांवरून बेरीज होते, स्थळांवरून मात्र सरासरीच काढावी लागते. पातळीची बेरीज कोणत्याच दिशेने होत नाही. काळाचाही भेद आहे : सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस हा प्रघातानुसार मागील चोवीस तासांचा असतो, तर त्याच वेळी वाचलेली पातळी त्या क्षणाची असते. एकाच तारखेखाली शेजारी बसलेले हे दोन आकडे एकाच काळाचे नाहीत. साठा तर बहुधा स्वतंत्रपणे मोजला जात नाही; पातळीवरून, त्या जलाशयाच्या क्षमतेच्या कोष्टकाने तो काढला जातो, आणि गाळ साचत गेला की ते कोष्टकही बदलावे लागते. पातळी व साठा ही दोन्ही सरणीत लिहून ठेवली तर एक दुरुस्त होऊन दुसरी तशीच राहण्याची वाट मोकळी होते.

तेव्हा वस्तुविचाराचे खरे कार्य येथे आहे. जलाशय ही वस्तू असावी व तिच्यापाशी तिचे क्षमताकोष्टक असावे. साठा तिला विचारावा, लिहून ठेवू नये. पाऊस, पातळी व विसर्ग यांच्या तीन निराळ्या मालिका असाव्यात. प्रत्येकीच्या पोटात जलाशय व तारीख या दोन मितींची सरणी खुशाल असावी, पण ती बाहेर दिसू नये. मालिकेला आपले एकक, आपला काळ, आपल्या उणिवा व आपल्यावर होऊ शकणाऱ्या क्रिया ठाऊक असाव्यात. बाहेरून प्रश्न नावाने व तारखेने विचारला जावा. बदलण्याचा संभव असलेला निर्णय विभागाच्या आत झाकून ठेवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेले तत्त्व मितींच्या क्रमाला तंतोतंत लागू पडते.

याच्या नेमके विरुद्ध टोकही टाळले पाहिजे. प्रत्येक दिवसाची नोंद ही एक स्वतंत्र वस्तू मानून त्यांची यादी करणे हे वस्तुकेंद्री लेखनात सहज सुचते. त्यात एककांचा गोंधळ होत नाही, हे खरे. पण जलाशयांचा प्रश्न बहुधा एका दिवसाचा नसतो. तो अनेक दिवसांचा एका राशीपुरता प्रश्न असतो, आणि मग प्रत्येक वस्तू उघडून तिच्यातील एकच आकडा वेचीत बसावे लागते. वेगाचा मुद्दा येथे गौण आहे. आठ बाइटच्या हिशेबाने वलवणच्या वर्षभराच्या ४,३९२ आकड्यांस अवघे ३५,१३६ बाइट लागतात व कोणतीही रचना पुरेशी वेगवान ठरते. देशाच्या पर्जन्यसंचात मात्र वर्षाला साडेत्रेसष्ट लाखांच्या आसपास घरे होतात, व तेथे सलग सरणीवाचून गत्यंतर नाही. पायथॉन भाषेसाठी २००६ साली आलेल्या नमपाय या संग्रहात सरणी हीच एक वस्तू असून तिला आपला आकार व स्मृतीतील आपली पावले ठाऊक असतात. त्यामुळे आकडे न हलविता मितींचा क्रम बदलता येतो. आकार ठाऊक असला तरी अर्थ ठाऊक नाही, ही तिची मर्यादा. पुढे एक्सअरे या संग्रहाने मितींना नावे दिली व ही उणीव काही अंशी भरून काढली.

या योजनेवर आक्षेप येईल तो श्रमाचा. तीन ओळींत होणाऱ्या कामासाठी चार वर्ग लिहावयाचे, हे विद्यार्थ्यास जाचक वाटेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. दोन सारण्यांचा गुणाकार करावयाचा असता सर्व घरे एकजात असतात आणि उघडी सरणी पुरते. गुणपत्रिकेच्या तक्त्यातही विद्यार्थी, विषय व परीक्षा या तिन्ही दिशांनी बेरीज करण्याची रूढी आहे. बहुमिती सरणी शिकविताना हीच उदाहरणे पुढे येतात, आणि नेमका त्यांतच हा दोष दिसत नाही. त्यांवर पोसलेली सवय जलाशयाच्या नोंदींस लावली की चूक सुरू होते. शिकविताना गुणपत्रिकेच्या पाठोपाठ पाऊस व पातळी यांचा एक तक्ता द्यावा आणि प्रत्येक दिशेने बेरीज करून तिचा अर्थ विद्यार्थ्यास विचारावा. जेथे त्याला उत्तर देता येणार नाही, तेथे सरणी संपते व वस्तूची गरज सुरू होते. पावसाळ्यात वलवणसारख्या ठिकाणी पाणी केव्हा व किती सोडावे याचा निर्णय अशा तक्त्यांवरून काढलेल्या आकड्यांवर जेव्हा अवलंबून राहील, तेव्हा या चार वर्गांचे श्रम कोणास अधिक वाटणार नाहीत.