थॉर्नडाइकचं मांजर आणि सातवी ब: बी.एड.च्या मानसशास्त्रात काय कमी आहे?

बी.एड. झालेल्या कुणालाही विचारून बघा, थॉर्नडाइकचं मांजर त्यांना आठवतं. पिंजऱ्यात कोंडलेलं, धडपडत कधीतरी कडी उघडणारं. त्यापाठोपाठ पाव्हलॉव्हचा कुत्रा येतो, स्किनरचा उंदीर येतो आणि कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी येतो. प्रत्येक प्राण्यासोबत एक संज्ञा असते: प्रयत्न-प्रमाद, अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, मर्मदृष्टी. मग पियाजेच्या अवस्था, कोहलबर्गचे टप्पे, गार्डनरच्या बुद्धिमत्ता. शेवटी 'शैक्षणिक उपयोजन' असं उपशीर्षक आणि त्याखाली पाच-सहा मुद्दे. पेपर सुटला!

या सगळ्यात काही चूक आहे असं माझं म्हणणं नाही. थॉर्नडाइकचे मांजरांवरचे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले आणि ते महत्त्वाचेच होते. माझी तक्रार वेगळी आहे. सातवी ब च्या वर्गात सोमवारी शिकवलेला धडा मुलांच्या डोक्यात पुढच्या सोमवारपर्यंत कसा टिकतो, या प्रश्नावर मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत भरपूर आणि बऱ्यापैकी पक्कं काम केलंय. ते काम होणाऱ्या शिक्षकापर्यंत फारसं पोहोचत नाही. त्याच्या जागी पोहोचतात काही अशा गोष्टी, ज्यांना पुरावाच नाही. मी एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं आणि आता पीएच.डी. विज्ञान शिक्षणात करतेय, त्यामुळे या दोन्ही बाजूंचं वाचन रोजचंच आहे. आज तेच जरा उलगडून सांगते.

आधी 'अध्ययन शैली'

ही कल्पना तुम्ही नक्की ऐकली असेल. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. म्हणून शिक्षकाने आधी मुलाची शैली ओळखावी आणि त्या शैलीत शिकवावं. बी.एड.च्या नोट्समध्ये हे असतं, टीईटीच्या गाइडात असतं आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर असतंच असतं.

यात दोन वेगळी विधानं आहेत आणि ती सुटी करायला हवीत. पहिलं असं, की मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. हे खरंच आहे. दुसरं असं, की आवडीच्या शैलीत शिकवलं तर मूल जास्त शिकतं. हे तपासावं लागेल.

तपासायचं कसं? समजा एक औषध 'अ' प्रकारच्या रुग्णांना लागू पडतं आणि दुसरं 'ब' प्रकारच्या, असा दावा आहे. मग दोन्ही प्रकारच्या रुग्णांना दोन्ही औषधं देऊन पाहायला हवीत. कुणाला कुठलं मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. शैलीचंही तसंच. मुलांची 'बघणारे' आणि 'ऐकणारे' अशी विभागणी करा. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांतून शिकवा, निम्म्यांना बोलून. शेवटी सगळ्यांना एकच चाचणी द्या. दावा खरा असेल तर बघणाऱ्यांना चित्रांतून जास्त गुण मिळतील आणि ऐकणाऱ्यांना बोलण्यातून, म्हणजे आलेखावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदतील. दोन्ही गटांना चित्रांचाच फायदा झाला, तर चित्रं चांगली होती एवढंच सिद्ध होतं. शैलीचा त्यात काही संबंध उरत नाही.

पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि बियॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अध्ययन शैलींवरचं संशोधन नेमक्या याच चाळणीतून काढलं. साहित्य प्रचंड होतं, पण अशा पद्धतीने केलेले अभ्यास अगदी मोजके निघाले. त्यातले नीट केलेले काही तर दाव्याच्या उलट गेले. शैली मोजून त्यानुसार शिकवण्याला पुरेसा आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्याआधी २००४ साली कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शैलींच्या प्रारूपांची मोजदाद केली होती, ती ७१ भरली. एकाच मुलाला ७१ पद्धतींनी लेबल लावता येत असेल, तर त्या लेबलाचा शिक्षकाला उपयोग काय?

गार्डनरचं नाव इथे नाहक ओढलं जातं. त्याचं बहुविध बुद्धिमत्तेचं पुस्तक १९८३ चं. त्या सिद्धांतावरही मानसशास्त्रात पुष्कळ वाद आहेत. पण माझा सिद्धांत म्हणजे अध्ययन शैली नव्हे, हे खुद्द गार्डनरने २०१३ साली जाहीर लिहिलंय. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच प्रकरणात शेजारी-शेजारी बसतात.

मग त्रास काय आहे?

'असू दे ना, शिक्षक चार प्रकारे शिकवतील, मुलांचा फायदाच होईल' असं मला बरेच जण सांगतात. चार प्रकारे शिकवायला माझीही हरकत नाही. हरकत लेबलाला आहे.

माझी मावसबहीण बी.एड. करतेय. एका सराव पाठाच्या टाचणात तिला मुलांच्या अध्ययन शैलीचा रकाना भरायचा होता. वर्गात साठ मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. तिने एक प्रश्नावली घेतली आणि तीन गट पाडले. 'करून शिकणारे' या गटात एक मुलगा होता. त्याला मातीकाम आणि कार्डं दिली की तो रमायचा, पुस्तक दिलं की चुळबुळ करायचा. रकान्यात हे अगदी चपखल बसलं. दोन आठवड्यांनी तिने सहज त्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. जोडाक्षर आलं की तो अडत होता. त्याला शैली नव्हती, वाचनाची अडचण होती. पण रकान्याने त्या अडचणीला एक छान नाव दिलं होतं, त्यामुळे ती कुणाला दिसत नव्हती. माझ्या बहिणीने नंतर रोज दहा मिनिटं त्याच्यासोबत वाचायला सुरुवात केली. त्यासाठी टाचणात रकाना नव्हता.

मुलांमुलांत फरक असतोच. शिकवताना सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरणारा फरक म्हणजे मुलाला आधीपासून काय येतं आणि काय येत नाही हा. तो शोधायला कष्ट पडतात. प्रश्नावली भरणं त्या मानाने सोपं.

शंकूवरचे आकडे

दुसरं उदाहरण एडगर डेलच्या अनुभव शंकूचं. १९४६ साली दृक-श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात त्याने हा शंकू मांडला. खाली प्रत्यक्ष अनुभव, वर शब्द. आज हाच शंकू आकड्यांसह फिरतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, आणि केलेलं थेट ९०. डेलच्या शंकूत हे आकडे नव्हतेच! ते नंतर कुणीतरी चिकटवले.

खरं तर एवढी चौकशी न करताही शंका यायला हवी. सगळे आकडे दहाच्या पाढ्यात कसे? कुठल्या वयाच्या मुलांचे? किती दिवसांनंतरचे? वाचलेलं म्हणजे कविता की त्रिकोणाचं प्रमेय? मापन शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे प्रश्न आपोआप येतात. पदवीच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते शिकवलेलेही असतात. पण शंकू शिकवला जातो बी.एड.च्या इमारतीत, आणि सांख्यिकी शिकवली जाते मानसशास्त्राच्या.

आणि जे शिकवलं जात नाही ते

आता एक पक्कं काम सांगते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा, चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला, आणि नंतर तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवणारे ६१ वर. आणि गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता.

म्हणजे आठवणं ही नुसती तपासणी नसते, ते स्वतःच शिकणं असतं. याच्या जोडीला दुसरी गोष्ट, सराव एकगठ्ठा न करता अंतराने करण्याची. तिची मुळं एबिंगहाउसने स्वतःवर केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतीच्या प्रयोगांपर्यंत जातात. एबिंगहाउस अभ्यासक्रमात असतो. त्याचा विस्मरणाचा वक्र सगळे काढतात, अक्षांना नावं देतात. पण 'म्हणून मागच्या महिन्यातल्या धड्यावरचे तीन प्रश्न आज तासाच्या सुरुवातीला विचारा' हे वाक्य त्या वक्राखाली क्वचितच येतं.

यावर जुने शिक्षक म्हणतील, आम्ही उजळणी घेतच होतो की. बरोबर आहे. पण सामुदायिक पाढे म्हणताना शेजाऱ्याच्या आवाजावर आपलं तोंड हलतं, आठवावं लागत नाही. एकट्याला मधूनच सात नव्वे विचारलं तर आठवावं लागतं. हा फरक का पडतो, ते मानसशास्त्र सांगू शकतं. आणखी एक सावधानता हवी. आपल्याकडे 'चाचणी' म्हटलं की गुण, शेरा आणि घरचा ओरडा आठवतो. इथे मी कोऱ्या कागदाबद्दल बोलतेय, ज्यावर गुण नाहीत आणि तो मूल स्वतःच तपासतं.

ही उणीव फक्त आपलीच नाही. अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेने २०१६ साली तिथली ४८ पाठ्यपुस्तकं तपासली. पुरावा असलेल्या सहा अध्यापन पद्धती एकाही पुस्तकात पूर्ण आणि अचूक सापडल्या नाहीत. डेकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून जास्त जणांचा अध्ययन शैलींवर विश्वास होता.

मानसशास्त्राची पदवी तरी धुतल्या तांदळासारखी आहे का?

नाही. तिथे पद्धत शिकवतात, पण ती प्रयोगवहीत बंद राहते. आरशात बघून तारा गिरवायचा, निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, निष्कर्ष पुस्तकाशी जुळला की सही. (रसायनशास्त्रातही आम्ही ब्युरेटचं वाचन 'जुळवायचो', त्यामुळे हे मला परकं नाही.) २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच मिळाला. 'जुळवलेल्या' प्रयोगवहीतून हा धडा मिळत नाही. शिवाय मी वर सांगितलेला २००६ चा प्रयोग अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या मुलांवरचा. नंतर शाळांमध्येही असे अभ्यास झालेत. तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात, साठच्या वर्गात हे कितपत चालतं, ते इथेच करून बघायला हवं.

कोण करणार?

उत्तर एकाच विद्यापीठात, दोन इमारतींत बसलंय.

न्या. वर्मा आयोगाच्या शिफारशींनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं. २०१४ च्या नियमांनुसार त्यात एकूण २० आठवडे शाळेत जायचं असतं, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. आता बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट म्हटलंय की शिक्षणशास्त्र विभागांनी मानसशास्त्रासारख्या विभागांच्या सहकार्याने बी.एड. चालवावं. म्हणजे परवानगी आहे, वेळापत्रकात जागाही आहे.

मग एक छात्राध्यापक आणि मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी अशी जोडी लावा. सातवी अ आणि सातवी ब, विज्ञानाचे चार धडे. अ तुकडीत पहिल्या दोन धड्यांना कोरा कागद आणि पुढच्या दोनांना पुन्हा वाचन, ब तुकडीत बरोबर उलट. म्हणजे कुठल्याच तुकडीवर अन्याय नाही. मुख्याध्यापक आणि पालकांची परवानगी घ्या, नावं गुप्त ठेवा. तीन आठवड्यांनी एकच चाचणी. शिकवण्याची जबाबदारी पहिल्याची, मोजण्याची दुसऱ्याची, लिहायचं दोघांनी मिळून. फरक पडला नाही तर तसंच लिहायचं, आणि त्यालाही पूर्ण गुण द्यायचे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, नाहीतर तीही प्रयोगवहीच होईल.

अशी एक जोडी पुढे जाऊन शिक्षक झाली किंवा समुपदेशक झाली, तर कुणी 'हा मुलगा करून शिकणारा आहे' म्हटल्यावर दोघंही विचारतील, 'कशावरून?' आणि मग त्याला वाचायला सांगून बघतील.

तुमच्यापैकी कुणी बी.एड. किंवा मानसशास्त्र शिकवत असाल, तर तुमच्याकडे दोन विभागांत असं काही झालंय का, ते जरूर कळवा. झालं असेल आणि फसलं असेल, तर आधी तेच कळवा.