गाय, लोलक आणि हिरवा चौकोन

१९७० साली पिंक फ्लॉइडचा ‘ॲटम हार्ट मदर’ बाजारात आला तेव्हा कव्हरवर बँडचं नाव नव्हतं आणि अल्बमचंही नव्हतं. होती फक्त कुरणात उभी असलेली, मान वळवून आपल्याकडे बघणारी एक गाय. रेकॉर्ड कंपनी वैतागली. अल्बम मात्र ब्रिटनच्या यादीत पहिला आला. ही गाय कॅमेऱ्यात टिपणाऱ्या स्टॉर्म थॉर्गरसनचं (१९४४–२०१३) नाव आज अल्बम-कव्हरच्या कलेत अग्रभागी घेतलं जातं. मात्र त्याची थोरवी ज्या चित्राच्या बळावर सांगतात, ते चित्र त्याच्या कामाचा नमुना नव्हे, अपवाद आहे. या कलेची आजची अवस्था समजून घ्यायला हा अपवाद फार उपयोगी पडतो.

रेकॉर्डच्या कव्हरची कला तशी तरुण. १९३९ मध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये कलादिग्दर्शक झाला, त्याआधी रेकॉर्डी साध्या, एकरंगी वेष्टनात विकल्या जात. त्याने वेष्टनावर चित्र आणलं. १९४८ मध्ये एलपी आली आणि चित्रकाराला जवळजवळ फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन मिळाला. त्या चौकोनात बहुतेक वेळा गायकाचा चेहरा बसवला जाई. आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी आठवून पाहा: तानपुरा, सतार आणि कलावंताची छबी. माल चेहऱ्यावर खपतो, हा हिशेब सगळीकडे सारखाच होता.

थॉर्गरसनने हा हिशेब नाकारला. केंब्रिजमध्ये त्याच्या शाळेत पिंक फ्लॉइडचे सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स होते. पुढे त्याने लेस्टरला इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रपटाचं शिक्षण घेतलं. १९६८ मध्ये ऑब्री ‘पो’ पॉवेलबरोबर त्याने ‘हिप्नॉसिस’ हा स्टुडिओ सुरू केला. पिंक फ्लॉइडसाठीचं त्यांचं पहिलं कव्हर त्याच वर्षीचं. चित्रपटाच्या शिक्षणाची खूण त्याच्या कामात सतत दिसते. तो चित्र काढत नसे, प्रसंग उभा करी.

‘द नाइस’ या बँडच्या ‘एलेजी’साठी (१९७१) सहारातल्या वाळूच्या टेकड्यांवर लाल फुटबॉलांची रांग मांडली. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’साठी (१९७५) लॉस एंजेलिसजवळच्या वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात हस्तांदोलन करणाऱ्या दोन स्टंटमनपैकी एकाला खरोखर पेटवलं. वारा उलटा फिरला आणि त्याची मिशी होरपळली. त्यांच्याच ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’साठी (१९८७) डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर सातशेच्या आसपास लोखंडी खाटा ओळीने लावल्या. पाऊस आला, तेव्हा सगळं उचलून काही दिवसांनी पुन्हा मांडलं. या फोटोंकडे बघताना अशक्य वाटणारी गोष्ट कुणीतरी घडवून आणली आहे, हे कळतं. त्यामुळे नजर रेंगाळते.

तरी ‘सगळं खरंखुरं’ या दंतकथेला थोडी कात्री लावायला हवी. पिंक फ्लॉइडच्या ‘ॲनिमल्स’साठी (१९७७) बॅटरसी वीजकेंद्रावर फुग्याचं डुक्कर चढवलं, ते दोर तोडून उडून गेलं. नंतरच्या दिवशी टिपलेलं डुक्कर आधीच्या आभाळात चिकटवावं लागलं. शिवाय डुकराची मूळ कल्पना वॉटर्सची. लेड झेपेलिनच्या ‘हाउसेस ऑफ द होली’वर (१९७३) उत्तर आयर्लंडच्या खडकांवर चढणारी मुलं दिसतात अकरा, प्रत्यक्षात होती दोन. ते फोटो पॉवेलचे आणि रंग नंतर हाताने भरलेले. म्हणजे एकट्या प्रतिभावंताची ही गोष्ट नव्हेच. दोषही आहेत. स्कॉर्पियन्सच्या ‘लव्हड्राइव्ह’मध्ये (१९७९) बाईचं उघडं शरीर एका थिल्लर विनोदापुरतं वापरलं आहे. उत्तरायुष्यात ओसाड माळ आणि त्यावर भलीमोठी वस्तू ही मांडणी इतक्यांदा आली की तिचा ठसा झाला.

आता तो अपवाद. ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या (१९७३) वेळी पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिक राइट याला फोटो नको होता, काहीतरी साधं, रेखीव हवं होतं. मग काळ्या पार्श्वभूमीवर लोलक आला, एका बाजूने शिरणारा पांढरा किरण आणि दुसऱ्या बाजूला फुटणारे सहा रंग. प्रत्यक्ष रेखाटन जॉर्ज हार्डीचं. ना वाळवंट, ना आग, ना खाटा. विज्ञानाच्या पुस्तकात शोभेल अशी आकृती! जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’वरच्या (१९७९) पांढऱ्या लहरीही पीटर सॅव्हिलने खगोलशास्त्राच्या कोशातल्या आलेखावरूनच घेतल्या. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर टी-शर्टांवर दिसतात त्या या दोन आकृती. अल्बम न ऐकलेली पोरंही त्या छातीवर मिरवतात. जळता माणूस तितका मिरवला जात नाही.

कारण उघड आहे. प्रसंगाला जागा लागते, खुणेला लागत नाही. एलपीचा चौकोन सीडीत बारा सेंटिमीटरवर आला आणि फोनवर नखाएवढा उरला. तिथे सातशे खाटा म्हणजे करड्या रेघा, लोलक मात्र लोलकच राहतो. तरी त्याचंही अर्धं हरवलंच. मूळ कव्हर उघडलं की तो किरण आतल्या पानांवर हृदयाच्या ठोक्यांची रेषा होऊन धावत असे आणि मागच्या बाजूला पुन्हा एका लोलकाला मिळत असे. पडद्यावर फक्त पुढची बाजू आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबात एलपींनी सीडींना मागे टाकलं, १९८७ नंतर पहिल्यांदाच. चौकोन परत मोठा झाला, पण आता चित्र आधी नखाएवढ्या जागेसाठी ठरतं आणि मग ताणून छापलं जातं.

म्हणून ही कला संपली म्हणावं का? २०२४ मधलं सर्वांत गाजलेलं कव्हर चार्ली एक्ससीएक्सच्या ‘ब्रॅट’चं होतं: डोळ्यांना खुपणारा हिरवा चौकोन आणि मधोमध मुद्दाम धुरकट ठेवलेला एक शब्द. गायिकेचा चेहरा का नाही, यावरून कुरकुर झाली. पन्नास वर्षांपूर्वी गायीवरूनही झाली होती. थॉर्गरसनच्या वारशाची वाटणी इथे स्पष्ट दिसते. चेहरा विकायला दिलेला नकार टिकला आहे. लहान जागेची अडचण न लपवता तिचाच उपयोग करणारा तो हिरवा चौकोन, संगणकावर जुळवलेल्या नकली वाळवंटांपेक्षा थॉर्गरसनचा अधिक सच्चा वारस आहे. मेलं आहे ते प्रसंग उभा करणं, त्यातली अंगमेहनत, आणि ती ओळखायला लागणारी बघणाऱ्याची सवड.

यातलं एक नुकसान मात्र टाळता येण्याजोगं आहे. हार्डी, पॉवेल, थॉर्गरसन ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ती कव्हरवर छापलेली होती. स्ट्रीमिंग सेवांवर गीतकार आणि निर्माते सापडतात, कव्हर करणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नसतं. कुणाचं कोणतं काम हे कळलं नाही, तर आधीच्या कामाशी ताडून बघता येत नाही, चुकाही दाखवता येत नाहीत आणि मग या कलेला समीक्षा मिळत नाही, नुसत्या आवडीनिवडी मिळतात. चौकोन कितीही लहान असो, तिथे एका नावापुरती जागा सहज होते.