मान डोलवायला पुस्तक कशाला?

वाचनगट काढायचा म्हटलं की पहिली बैठक पुस्तक ठरवण्यातच जाते. कथा-कविता नको, वैचारिक घेऊ, खरं घडलेलं घेऊ, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढं गाडी अडते. एक म्हणतो, बाबासाहेबांचंच घ्या. दुसरा म्हणतो, 'बलुतं' घ्या. तिसरा शासनाने छापलेल्या खंडांतला सगळ्यात जाडा खंड आणून सतरंजीवर आपटतो. मग हात वर करून मतदान. आणि महिन्याभरात गटात चार टाळकी उरतात. पोरं आळशी झालीत, मोबाईलने वाया गेलीत, असं म्हणून आपण मोकळे.

पोरं आळशी नाहीत. ६ डिसेंबरला दादरला जाऊन बघा. दिवसाची रोजी बुडवून आलेला माणूस वडापाववर दिवस काढतो आणि पिशवीत पुस्तक घालून गावी नेतो. विकत घेऊन वाचणारा असा वाचक आपल्याकडे आहे. कमी आहे ती एका गोष्टीची. वाचल्यावर एकमेकांच्या तोंडासमोर बसून वाद घालायची. आणि त्याला आपली पुस्तक निवडायची रीत कारण आहे.

आपण तीन कारणांनी पुस्तक निवडतो. पहिलं कारण श्रद्धा. पुस्तकाला हार घालायचा, त्रिसरण म्हणायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. शेवटी 'कुणाला काही शंका?' असं विचारायचं, आणि कुणाला शंका नसते. कशी असणार? शंका काढली तर निष्ठेवरच बोट येतं. दुसरं कारण रडू. आत्मकथन घ्यायचं, त्यातलं भुकेचं पान काढायचं. वाचणाऱ्याचा गळा दाटतो, ऐकणाऱ्याचा दाटतो, मग जो तो आपापल्या आज्याची गोष्ट सांगतो आणि सभा संपते. तिसरं कारण वजन. जाडं पुस्तक, जड शब्द. पंचवीस पानांवर खूण घालून ठेवलेलं ते पुस्तक वर्षभर तिथंच असतं.

यात पुस्तकांचा दोष नाही. खरं तर आपली मोठी पुस्तकं मान डोलवण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. १८७३ सालची जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' घ्या. जोतीराव आणि धोंडीबा यांचा तो सवाल-जवाब आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. दोघांनी दोन बाजूंना बसून मोठ्यानं वाचावं असंच ते पुस्तक आहे. १९७८ चं 'बलुतं' घ्या. गावकुसाबाहेरचा दगडू शहरातल्या शिकलेल्या दया पवारला आपली हकिकत सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेत. 'बलुतं'वरची खरी चर्चा तिथं आहे. शिकलेला माणूस आपल्याच दगडूला तोंड कसं देतो? ब्लॉक घेऊन राहणाऱ्या आपल्या साहेबलोकांना तो दगडू आठवतो का? पण आपण भुकेचं पान वाचतो आणि हे पान उलटून टाकतो.

तेव्हा माझा निकष साधा आहे. ज्या पुस्तकात एकापेक्षा जास्त आवाज आहेत, आणि जे पुस्तक समोर बसलेल्यांना काहीतरी विचारतं, तेच गटाला घ्यावं. शत्रूला विचारतं तेवढ्यावर भागत नाही. आपल्याला काय विचारतं ते बघा.

या निकषावर 'जातिनिर्मूलन' घासून पाहू. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. छापील भाषण आधी हातात पडलं तेव्हा मंडळाची पाचावर धारण बसली. हे गाळा, ते बदला. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. परिषद झालीच नाही. न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतः १५०० प्रती काढून प्रसिद्ध केलं आणि दोन महिन्यांत ते संपलं. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे नाहीतर निदान चार आणे ठेवा, असाही सल्ला दिला! बाबासाहेबांनी काय केलं? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचं म्हणणं छापलं आणि त्याच्याखाली आपलं उत्तर छापलं. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही पुस्तकात होताच.

ध्यानात घ्या. विरोधकाला आपल्याच पुस्तकात जागा देणारा हा माणूस. आणि आपण त्याचं पुस्तक शंकेवाचून वाचतो! किती गटांनी त्यातला गांधींचा भाग मोठ्यानं वाचलाय? नाय वाचला. तो वाचायला एका पोराला बसवा आणि त्याने तो जीव तोडून मांडला पाहिजे अशी अट घाला. मग उत्तर वाचा. उत्तराची धार तेव्हा कळते.

पण या पुस्तकात आपल्यासाठीही सवाल आहे. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेब तिथं मांडतात. आणि जात मोडायचा खरा उपाय म्हणून ते आंतरजातीय लग्नाकडे बोट दाखवतात. हे वाचताना आपण बामणाकडे बघतो. जरा आपल्या मांडवाकडे बघू. पूर्वीचा महार मांगाच्या घरी सोयरीक करतो का? चांभार ढोराच्या घरी? मेळाव्यात जय भीम एक, आणि बायोडाटा छापताना पोटजातीचा रकाना वेगळा. हा प्रश्न ज्या दिवशी गटात निघेल त्या दिवशी सभा वेळेवर संपणार नाही. तीच खरी सभा.

म्हणजे 'जातिनिर्मूलन' घ्यावंच. पण पहिलं पुस्तक म्हणून माझं मत दुसऱ्याच पुस्तकाला आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा इतिहास. पहिल्या भागात त्या चळवळीची हकिकत, दुसऱ्या भागात प्रत्यक्ष कार्यकर्त्या बायांच्या मुलाखती. या दोघी बाईमाणसांच्या दारात गेल्या, बसल्या, विचारलं, लिहून घेतलं. विद्यापीठानं जे काम करायचं ते दोन लिहित्या बायांनी केलं.

हेच का? पहिलं कारण सोयीचं. एकेक मुलाखत एका बैठकीत वाचून होते. एक प्रत असली तरी चालतं. आणि भाषा बोललेली आहे, त्यामुळे अक्षर न येणारी म्हातारीसुद्धा ऐकून मत देऊ शकते. तिला मत देता येईल असं पुस्तक आपण आजवर कधी निवडलं?

दुसरं कारण टोचणारं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथं बायांनी घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला, नवऱ्यानं एकीवर दुसरी करू नये म्हणून ठराव केला, कामकरी बायांसाठी रजा मागितली. १९४२ साली! आपल्या घराच्या भिंतीवर किती फोटो आहेत ते मोजा आणि त्यात सुलोचनाबाई कुठं आहेत ते शोधा. महाडला बाया होत्या, नाशिकच्या काळाराम सत्याग्रहात बाया होत्या. आपल्या भाषणात त्या 'हजारो स्त्री-पुरुष' या एका शब्दात उरकतात.

आणि मग हे पुस्तक आपल्या गटालाच विचारतं. गट किती वाजता भरतो? रात्री नऊला. त्या वेळी तुझी बहीण काय करते? भांडी घासते. चर्चा रंगल्यावर चहा कोण आणतं? 'बाया येतच नाहीत हो' असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला या पुस्तकातल्या कुठल्याही म्हातारीसमोर उभा करा. ती पोर काखेला मारून मोर्चाला गेलेली पिढी आहे.

आता पुस्तकाच्या उणिवा. गुणगान करायला इथं कुणी बसलेलं नाही. या मुलाखती आठवणी आहेत, काही घटना घडून चार-पाच दशकं उलटल्यावर सांगितलेल्या. आठवण सन-तारखेला कच्ची असते, आणि मोठ्या माणसाविषयी बोलताना ती आपोआप हात जोडते. बाबासाहेबांविषयी बोलताना बायांचा आवाज भरून येतो, पण घरच्या नवऱ्याविषयी बोलताना तो पुष्कळदा दबतो. ही दबलेली जागा गटाने शोधायची. बाई काय बोलली तेवढंच वाचू नका, कुठं थांबली तेही वाचा. तारखा जुन्या 'जनते'च्या अंकांशी ताडून पाहा. पण कागदावर नाही म्हणून बाईचं खोटं, असा बामणी न्याय लावू नका. कागद ज्यांच्या हातात होता त्यांनी तिला लिहिलंच नाही, हाच तर मुद्दा आहे.

वाचायची पद्धत सांगतो. एका बैठकीला एकच मुलाखत. वाचणारा दर वेळी वेगळा. वाचून झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं पुढाऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं, ज्याने आजवर एक शब्द काढला नाही त्याने आधी बोलायचं. मतभेद झाला तर तो वहीत नावानिशी लिहायचा, मिटवायची घाई करायची नाही. वेळ बायांना विचारून ठरवायची. आणि चहा आळीपाळीनं.

पाच मुलाखती झाल्या की पुस्तक मिटा. आपल्या वस्तीत नामांतराच्या लढ्यात लाठी खाल्लेली, तुरुंगात गेलेली बाई असेल. १९७८ ला जी वीस वर्षांची होती ती आज पासष्टीच्या पुढं आहे. तिच्या दारात वही घेऊन जा. खाली बसा. ती बोलेल तसं, तिच्या शब्दात, उतरवून घ्या. पुढच्या बैठकीला तेच वाचायला घ्या आणि तिला समोर बसवा. चुकीचं लिहिलं असेल तर ती तिथल्या तिथं सांगेल.