चढावरून कोन : निर्देशक भूमितीच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना :
देकार्त यांच्या 1637 च्या ग्रंथापासून बीजगणित व भूमिती यांचा जो संयोग सुरू झाला, त्याचे शालेय स्तरावरील सुबोध रूप म्हणजे रेषेचा चढ होय. बालभारतीच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग 2' मधील निर्देशक भूमितीच्या प्रकरणात चढ दोन मार्गांनी मांडला आहे : दोन बिंदूंच्या निर्देशकांवरून आणि रेषेने एक्स-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाच्या टॅन गुणोत्तरावरून. ही मांडणी स्वागतार्ह आहे. परंतु या दोहोंतील नाते कोणत्या अटीवर टिकते, हा प्रश्न अध्यापनात सहसा दुर्लक्षित राहतो.

विवेचन :
पहिली अट प्रमाणाची आहे. दोन्ही अक्षांवर समान प्रमाण असेल तरच आलेखावर दिसणारा कोन आणि चढावरून काढलेला कोन एक असतात. चढ 1 असलेली रेषा 45 अंशांचा कोन करते. पण वाय-अक्षावर 1 सेंमी बरोबर 2 एकक आणि एक्स-अक्षावर 1 सेंमी बरोबर 1 एकक घेतल्यास कोनमापक सुमारे 26.6 अंश दाखवितो. चढ 1 व −1 असलेल्या परस्परलंब रेषाही अशा आलेखावर लंब दिसत नाहीत.

या प्रदेशातीलच उदाहरण पाहता येईल. लातूरचे अक्षांश व रेखांश स्थूलमानाने 18°24′ उत्तर व 76°34′ पूर्व, तर नांदेडचे 19°09′ उत्तर व 77°18′ पूर्व आहेत. हे आकडे निर्देशक मानल्यास चढ 45/44 आणि पूर्व दिशेशी कोन सुमारे 45.6 अंश येतो. तथापि या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशाच्या सुमारे 0.95 पट लांबीचा असतो. ही दुरुस्ती केल्यास कोन सुमारे 47.2 अंश होतो. सूत्र तेच, पण अक्षांची एकके भिन्न.

दुसरी मर्यादा दिशेची होय. लातूरहून नांदेडकडे आणि नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रेषेचा चढ एकच येतो. दिशा मात्र 180 अंशांनी भिन्न असतात. म्हणून चढाबरोबर निर्देशकांतील फरकांची चिन्हेही पाहावी लागतात.

तिसरी मर्यादा भौतिकशास्त्राच्या आलेखांत दिसते. ताशी 50 किमी वेगाचा अंतर-काल आलेख किमी व तास या एककांत 88.9 अंशांचा, तर मीटर व सेकंदांत 85.9 अंशांचा कोन देतो. वेग तोच असता कोन बदलतो, कारण येथे चढाला अर्थ आहे, कोनाला नाही.

दहावी-बारावीच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' ख्यातकीर्त झाला. बहुपर्यायी परीक्षेत सूत्राचा त्वरित वापर उपयुक्त ठरतो, हे नाकारता येत नाही. मात्र अटीशिवाय पाठ झालेले सूत्र नकाशावर व प्रयोगशाळेत फसवे ठरते. सर्वेक्षण, स्थापत्य व भूगोल या शाखांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

निष्कर्ष :
चढावरून कोन काढण्यापूर्वी अक्षांची एकके व प्रमाण तपासण्याची सवय दहावीतच लावणे आवश्यक आहे. एकच रेषा दोन भिन्न प्रमाणांत काढून कोन मोजण्याचा कृतिपाठ त्यासाठी पुरेसा आहे. अकरावीत दोन रेषांमधील कोनाचे सूत्र शिकविताना हीच अट पुन्हा सांगितल्यास आकडेमोडीला आकलनाची जोड मिळेल.